ऑफिसातली टाकी शनिवार-रविवारसाठी मांडावी लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाणेरला सीए फर्मचं ऑफिस, वीस-बावीस माणसं, आठवड्याला पाच दिवस काम. रिसेप्शनच्या बाजूला अडीच फुटांची मोकळी भिंत आहे, तिथे खऱ्या झाडांची छोटी, गोड्या पाण्याची टाकी करायची आहे. पंधरा हजारांची मंजुरी मिळाली आहे. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागेल का, मासे कोणते आणायचे, देखभालीला किती वेळ जाईल, आणि सरांना ईशान्य कोपऱ्यात नऊ गोल्डफिश हवेत त्याचं काय करायचं. दोन वर्षांपूर्वी आणलेली टाकी तीन महिन्यांत रिकामी झाली, हेही तुम्ही लिहिलं आहे.

सिलिंडर लागणार नाही. पैसे पुरतील. मासे मात्र पहिले पाच-सहा आठवडे आणायचे नाहीत, आणि नऊ गोल्डफिश तर अजिबात नाहीत. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण मागची टाकी का गेली याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे.

मी पुण्यात सोळा-सतरा वर्षं टाक्या लावून देतो आणि सांभाळतो. घरांपेक्षा ऑफिसं आणि दवाखाने जास्त. घरच्या टाकीची कृती ऑफिसात जशीच्या तशी चालत नाही, कारण घरी कोणीतरी असतं. ऑफिस शुक्रवारी संध्याकाळी सातला बंद होतं आणि सोमवारी सकाळी नऊला उघडतं. हे बासष्ट तास टाकीकडे बघायला कोणी नसतं, एसी बंद असतो, आणि बरेचदा वीजही बंद असते. ऑफिसातल्या टाक्या बहुतेक याच बासष्ट तासांत मरतात.

औंधच्या एका ऑफिसातला प्रसंग सांगतो. अडीच फुटी सुंदर टाकी, खाली कपाटात चांगला कॅनिस्टर फिल्टर, चौदा टेट्रा मासे. सात महिने सगळं उत्तम चाललं होतं. मग नवीन वॉचमन आला आणि शुक्रवारी रात्री त्याने शिस्तीत मेन स्विच खाली केला. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. त्यातलं पाणी फिरायचं थांबलं की आतले जिवाणू काही तासांत तिथला ऑक्सिजन संपवतात, मग स्वतःच मरतात आणि सडतात. सोमवारी कोणीतरी मेन वर केला आणि तो सडका डबा टाकीत मोकळा झाला. मी साडेदहाला पोचलो तेव्हा पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं, झाकण उचलताच सडक्या अंड्यांचा वास आला. तीन टेट्रा पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते, बाकीचे अकरा झाडांच्या बुंध्याशी पडले होते. टाकीत दोष नव्हता, वॉचमनचाही नव्हता. हा स्विच बंद करायचा नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. टाकी जिथे ठेवायची आहे तिथल्या सॉकेटला शुक्रवारी संध्याकाळी एखादं जुनं डिजिटल घड्याळ लावा, बॅटरी काढून. वीज गेली असेल तर सोमवारी त्याचे आकडे लुकलुकताना दिसतील. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि कमाल-किमान दाखवणाऱ्या थर्मामीटरचा सेन्सर त्यात सोडा. वीज जात असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो एक सॉकेट सीसीटीव्ही किंवा सर्व्हरच्या लाइनवर घ्या, कारण ती लाइन कुठल्याच ऑफिसात बंद करत नाहीत. बादलीचं तापमान तुम्हाला दुसरी गोष्ट सांगेल. एसीच्या वेळात पाणी २२-२३ अंशांवर बसतं. एप्रिल-मे महिन्यात, काचेच्या दर्शनी भिंतीच्या बंद ऑफिसात, तेच पाणी रविवारी दुपारी ३१-३२ पर्यंत चढलेलं मी पाहिलं आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. म्हणजे मासे किती ठेवायचे ते मे महिन्यातल्या रविवारच्या हिशेबाने ठरवायचं.

जागेबद्दल. ईशान्य कोपरा चालेल, माझी काहीच हरकत नाही, फक्त तिथे थेट ऊन येऊ नये, एसीचा झोत टाकीवर पडू नये आणि वर सांगितलेला सॉकेट हाताशी असावा. ऊन आलं की काचा हिरव्या होतात, मग कितीही पुसा.

आकार दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट घ्या, ६ मिलिमीटर काचेची. हिशेबाने साधारण ५५ लिटर होतात, माती-दगड वजा जाता ४५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. याहून लहान, त्या टेबलावरच्या दहा-पंधरा लिटरच्या टाक्या, दिसायला सोप्या पण सांभाळायला अवघड. कमी पाण्यात छोटीशी चूकही लगेच अंगाशी येते. दोन फुटी टाकी भरल्यावर ७५-८० किलोंची होते. ऑफिसातल्या फायलींच्या कपाटावर किंवा पार्टिकल बोर्डच्या साइड टेबलवर ती ठेवू नका. बोर्डला पाणी लागलं की तो फुगतो, फुगला की टाकी एका कोपऱ्यावर येते, आणि काच तडकते. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, वर १८ मिलिमीटर मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलची पातळ शीट, मग टाकी. स्पिरिट लेव्हल लावून बघा. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. तुमच्या पंधरा हजारांतला मोठा वाटा स्टँड आणि दिव्यावर जाऊ द्या. माशांवर सगळ्यात कमी खर्च होतो.

आता तळाचा थर. बाजारात जपानी पद्धतीची तयार ॲक्वा सॉइल मिळते. ती चांगली आहे, पण महाग आहे आणि सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. मी ऑफिसांत जुनी, स्वस्त पद्धत वापरतो: खाली एक इंच चाळलेली साधी बागेची माती, वर दीड ते दोन इंच धुतलेली वाळू. माती खत न घातलेली हवी. गांडूळखत, शेणखत, कोकोपीट काही नको, नाहीतर पाण्यात अमोनियाचा पूर येतो. माझ्याकडे कोकणातून आणलेला जांभा असतो, त्याचा मूठभर चुरा मी मातीत मिसळतो. जांभ्यात लोह भरपूर आणि झाडांच्या मुळांना ते हवं असतं. वाळू नदीची, बारीक, गोलसर. बांधकामाची क्रश सँड नको, तिचे कण धारदार असतात आणि धूळ संपतच नाही. वाळू बादलीत घेऊन हात घालून ढवळायची आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. साधारण दहा-बारा वेळा. अकराव्या पाण्यात हात स्पष्ट दिसला पाहिजे.

दगडांसाठी दुकानात जायची गरज नाही. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. फक्त एक बघा: आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतात. काही झिओलाइटचे, काही कॅल्साइटचे. कॅल्साइट पाणी हळूहळू कठीण करतं. दगडावर, विशेषतः पांढऱ्या भागावर, व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर बाजूला ठेवा. वाळूचीही हीच परीक्षा. ड्रिफ्टवुड घेणार असाल तर आठ-दहा दिवस बादलीत बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. पाण्याला चहाचा रंग येतो, तो माशांना अपायकारक नाही, पण रिसेप्शनमध्ये बरा दिसत नाही.

झाडांवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या टाकीत खरं काम झाडंच करणार आहेत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया, नायट्रेट ती खातात, ऑक्सिजन देतात, शेवाळाला अन्न उरू देत नाहीत. त्यासाठी पहिल्याच दिवशी भरपूर लावावी लागतात. दोन कोपऱ्यांत दोन रोपं लावून "वाढतील हळूहळू" म्हणालात तर त्यांच्या आधी शेवाळ वाढेल. वाळूचा अर्धाअधिक भाग झाकला गेला पाहिजे.

मागच्या बाजूला वॅलिसनेरिया, लांब पट्टीसारख्या पानांचं, आपल्या तळ्यांतही सापडणारं. मागच्याच एका कोपऱ्यात हायग्रोफिला, तेही मूळचं भारतातलंच, आणि झपाट्याने वाढणारं. मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोरिन वेंडटी. लाकडावर आणि दगडांवर अनुबियास नाना, जावा फर्न, जावा मॉस. आणि पुढे एका बाजूला ब्राह्मी. हो, आपली औषधी ब्राह्मी, बॅकोपा मोनिएरी. ॲक्वेरियमच्या दुकानात तिचीच जुडी विकत मिळते, नर्सरीतून कुंडीत घेतली तरी चालते. पाण्याखाली ती सावकाश, सरळ उभी वाढते. प्रत्येक ऑफिसात कोणी ना कोणी येऊन विचारतं, ही ब्राह्मी का, आणि मग त्या माणसाचं टाकीशी नातं जडतं, असं मी खूपदा पाहिलं आहे.

लावण्याची पद्धत. टाकीत तीन-चार इंचच पाणी घ्या. क्रिप्टोची मुळं कात्रीने एक इंचावर कापा, पिवळी पानं काढून टाका, चिमट्यात मुळांच्या टोकाशी धरा आणि तिरपं वाळूत खुपसा. मग सरळ करून किंचित वर ओढा. त्या वर ओढण्याने मुळं खाली पसरतात आणि पानं फुटतात तो गड्डा वाळूच्या वर येतो. वॅलिसनेरियाचंही तसंच, तिचा गड्डा वाळूत गाडला तर आठवड्यात कुजतो. अनुबियास आणि जावा फर्नला जाड आडवं खोड असतं, ते वाळूत कधीच पुरायचं नाही. दगडावर फेविक्विकचे दोन थेंब, त्यावर खोड दहा सेकंद दाबून धरायचं, झालं. ते सायनोॲक्रिलेट असतं, पाण्यात लगेच घट्ट होतं, माशांना त्रास देत नाही. ब्राह्मीच्या काड्या एकेक करून, बोटभर अंतर ठेवून. जुडीच्या जुडी एकत्र खोचली तर मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही. सगळं लावून झालं की वाळूवर ताटली ठेवा आणि पाणी त्या ताटलीवर सावकाश ओता. ताटली विसरलात तर खालची माती वर येईल आणि दोन दिवस टाकी चिखलासारखी दिसेल.

दहा-बारा दिवसांत क्रिप्टोची पानं पारदर्शक होऊन वितळायला लागतील. घाबरून उपटू नका. दुकानातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्याखाली आली की जुनी पानं टाकतात आणि नवीन, वेगळ्या आकाराची पानं काढतात. वितळलेली पानं तेवढी काढून टाका.

दिवा एलईडी, १२ ते १५ वॅटचा, १००० ते १५०० ल्युमेन, ६५०० केल्विन. टायमर लावाच. पहिला महिना सहा तास, नंतर सात-आठ, त्याहून जास्त कधीच नाही. ऑफिस सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उघडं असतं म्हणून दिवा दहा तास चालू ठेवतात, आणि मग शेवाळाची तक्रार करतात. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, शनिवार-रविवारही तसाच. पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी पावडर धरेल. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते, पुसा आणि सोडून द्या, आपोआप जाते. कार्बन डायऑक्साइड मी ऑफिसात लावत नाही. सुट्टीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकला तर मासे गुदमरतात, आणि वर सांगितलेल्या झाडांपैकी एकालाही त्याची गरज नाही. "लिक्विड कार्बन" म्हणून जी बाटली विकतात तीही घेऊ नका. त्यात ग्लुटारल्डिहाइड असतं आणि वॅलिसनेरिया त्याने वितळते.

फिल्टर म्हणून स्पंज फिल्टर घ्या आणि एअर पंप बॅटरीवाला घ्या, वीज गेली की आपोआप बॅटरीवर चालणारा. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार, हे तुम्हाला माहीत आहेच. मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टर सुबक दिसतो, पण एसीत पाणी लवकर उडतं, पातळी खाली गेली की त्याचा धबधबा आवाज करतो, आणि वीज जाऊन आल्यावर काही वेळा तो कोरडाच घरघरत राहतो. स्पंज उघड्यावर असतो, बंद डब्यासारखा सडत नाही. पंप भिंतीला टेकवू नका, खाली रबराचा तुकडा ठेवा, म्हणजे फोनवर बोलणाऱ्यांना घरघर ऐकू येणार नाही. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा. नळाखाली कधीच नाही. नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. हाउसकीपिंगच्या मावशींना हे स्वतः सांगा, कारण त्या मनापासून काम करतात आणि पँट्रीत भांड्याच्या साबणाने स्पंज स्वच्छ घासून ठेवतात. मी हे दोन ठिकाणी पाहिलं आहे, दोन्हीकडे मासे आठवड्यात गेले.

तुमची मागची टाकी गेली ती बहुधा जिवाणूंच्याच गोष्टीमुळे. नवी टाकी, नवं पाणी, त्याच दिवशी मासे: दुकानदार असंच देतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो, तो कल्ले जाळतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते कमी प्रमाणात निरुपद्रवी, आणि झाडांचं खाद्य. हे जिवाणू वाळूत आणि स्पंजमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणून झाडं लावल्यावर मासे न आणता दिवसाआड चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहायचं. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणू वाढतील. थेंब टाकून रंग बघायची लिक्विड टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. अमोनिया वर जाईल, मग उतरेल. नायट्राइट वर जाईल, मग उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की टाकी तयार. एखाद्या निरोगी जुन्या टाकीतला स्पंज तुमच्या पाण्यात पिळता आला तर हा काळ दोन-तीन आठवड्यांवर येतो. मी माझ्या प्रत्येक नव्या टाकीसाठी तेच करतो.

पाणी नळाचं वापरा. खडकवासल्याहून येणारं पाणी मऊ आहे आणि वर सांगितलेल्या झाडांना मानवतं. पण बाणेरमधल्या बऱ्याच इमारतींत नळाच्या पाण्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून इमारतीच्या मॅनेजरला विचारा आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. बोअरचं पाणी कठीण आणि बहुधा अल्कधर्मी. तशा पाण्यात, त्यातून उन्हाळ्यात, तेवढाच अमोनिया जास्त घातक होतो. पँट्रीतल्या आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून ओतू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि मासे-झाडं दोघांनाही ते लागतात. बोअरचं पाणी फार कठीण असेल तर निम्मं आरओ मिसळायला हरकत नाही. क्लोरीनसाठी बादली एक दिवस उघडी ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो. त्या दिवसांत दोन्ही करा.

आता मासे. गोल्डफिश टाकीत का नको हे सरांना असं सांगा: तो थंड पाण्यातला मासा आहे, पूर्ण वाढल्यावर वीतभर होतो, झाडं उपटून खातो, आणि नऊ गोल्डफिश इतकी घाण करतात की ४५ लिटर पाणी दोन दिवसांत विषारी होतं. नऊ हा आकडा हवाच असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा आणि एक हनी गुरामी घेऊ. आठ तांबूस, एक मधाच्या रंगाचा. मी हे दोन ऑफिसांत सुचवलं आहे आणि दोन्हीकडे आनंदाने मान्य झालं. हनी गुरामी तर आपल्याकडचाच, ईशान्य भारत आणि बांगलादेशातला. वर चेरी श्रिंप, म्हणजे बारीक लाल कोळंबी, दहा, ते उरलेलं खाद्य आणि शेवाळ खातात. पाणी बोअरचं निघालं तर रासबोराऐवजी गप्पी घ्या, त्यांना कठीण पाणी आवडतं. पण फक्त नर. माद्या आणल्यात तर दिवाळीपर्यंत टाकीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. वीजेची आणि तापमानाची खात्री नसेल तर झेब्रा डॅनिओ आठ. तोही भारतीय, थंड-गरम दोन्ही सोसणारा, फक्त उडी मारतो, म्हणून झाकण घट्ट हवं.

"टाकी साफ करणारा मासा" म्हणून सकर विकतील. घेऊ नका. तो दीड फुटापर्यंत वाढतो. लोक मग कंटाळून नदीत सोडतात, आणि आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात देशी माशांऐवजी हा काटेरी सकर येतो, जाळी फाडतो, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

मासे दोन टप्प्यांत आणा: आधी चार रासबोरा, दोन आठवड्यांनी बाकीचे. आणायचे सोमवारी किंवा मंगळवारी, म्हणजे पुढचे तीन-चार दिवस त्यांच्याकडे लक्ष राहतं. शुक्रवारी कधीच नाही. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद ठेवा.

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे, पण ते एकाच माणसाचं असलं पाहिजे. ऑफिसात सगळ्यांची असलेली टाकी जास्त खाद्याने मरते. सकाळी एकजण टाकतो, दुपारी चहाच्या वेळी दुसरी टाकते, संध्याकाळी कोणाचं लहान मूल येऊन बिस्किटाचा चुरा टाकतं. सगळे प्रेमानेच करतात. खाद्याची डबी ज्याची जबाबदारी आहे त्याच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. आठवड्याचे पाच दिवस, दिवसातून एकदा, मिनिटाभरात संपेल इतकंच. शनिवार-रविवार काहीच नाही. दिवाळीच्या पाच-सहा दिवसांच्या सुट्टीतही निरोगी मोठ्या माशांना उपास चालतो, झाडांवरचं बारीकसारीक ते खात राहतात. पाण्यात विरघळणारी सुट्टीची वडी टाकू नका, ती पाणी नासवते.

दर मंगळवारी दहा लिटर पाणी बदला. नळीने वाळूच्या वरची घाण ओढून घ्यायची, वाळू उकरायची नाही, खाली माती आहे. मंगळवारच का? पाणी बदलताना काही चुकलं तर ते बुधवार-गुरुवारी दिसतं आणि निस्तरायला माणसं असतात. शिवाय गुरुवारी पुण्यात बरेचदा पाणीच बंद असतं. एसीमुळे उडालेलं पाणी नुसतं भरत राहिलात आणि बदललं नाहीत, तर क्षार साचत जातात, कारण उडतं ते फक्त पाणी.

हिवाळ्यासाठी ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर, २४ अंशांवर लावून ठेवा. त्यामुळे एसीच्या थंडाव्यातला आणि डिसेंबरच्या रात्रीतला चढउतार कमी होतो.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरांत लिहून टाकीवर चिकटवा: पेस्ट कंट्रोलच्या आधी टाकी सांभाळणाऱ्याला फोन करा. ऑफिसांत फवारणी शनिवारी होते, कोणी नसताना. त्या औषधांत बहुतेकदा पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात, माणसाला फारसं काही होत नाही, पण मासे आणि श्रिंप त्याच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे फवारा सरळ टाकीतच जातो. त्या दिवशी पंप बंद, टाकीवर प्लॅस्टिकची शीट कडेने टेपने बंद, टाकीच्या आसपास फवारा न मारता जेल लावायला सांगायचं, आणि तीन-चार तासांनी खिडक्या उघडून, हवा खेळली की कोणीतरी येऊन शीट काढून पंप सुरू करायचा. रूम फ्रेशनर आणि काच पुसायचा स्प्रेही टाकीजवळ नको. टाकीची काच बाहेरून ओल्या कापडाने पुसायची.

तीन महिन्यांनी हायग्रोफिला आणि वॅलिसनेरिया इतकी वाढतील की दर पंधरा दिवसांनी कात्री लावावी लागेल. छाटलेली टोकं ऑफिसातल्या कोणालाही बरणीत घरी न्यायला द्या, उरलेली कुंडीतल्या मनीप्लँटच्या मातीत पुरा, चांगलं खत होतं. मुळा नदीत किंवा पाषाणच्या तळ्यात टाकू नका, मासेही नाही. मासे नको झाले तर मला कळवा, मी ते दुसऱ्या टाकीत हलवतो.